कपाटातली लोकर सुईवर आणताना

पुण्या-मुंबईतली थंडी फार तर दोन महिने टिकते. कपाटातली लोकर मात्र दहा-वीस वर्षे सहज टिकते. ज्या घरात कुणी तरी विणते, त्या घरात माळ्यावरच्या बॅगेत, दिवाणाच्या खणात किंवा जुन्या पत्र्याच्या डब्यात लोकरीचे गुंडे असतातच. त्यांतले काही न उघडलेले असतात, तर काही स्वेटर पुरा झाल्यावर उरलेले. एखादी अर्धवट विणलेली पाठ अजूनही सुयांसकट गुंडाळून ठेवलेली असते. दरवर्षी दिवाळीच्या आवराआवरीत हे सारे बाहेर निघते, हात फिरवून पाहिले जाते आणि 'यंदा नक्की' असे म्हणून पुन्हा आत जाते.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. इंग्रजी भाषिक विणकरणींनी अशा साठ्याला 'स्टॅश' असे नाव दिले आहे. आयुष्यभर विणले तरी संपणार नाही इतक्या साठ्यासाठी त्यांच्यात 'सेबल' हा थट्टेचा शब्द रूढ आहे. 'आयुर्मर्यादेपलीकडचा साठा' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून तो बनला, आणि मऊ केसांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका प्राण्याचेही तेच नाव आहे. थट्टेचा भाग सोडला तरी प्रश्न उरतोच. साठवलेल्या लोकरीत पैसा अडकलेला असतो, लहान घरातली जागा अडते आणि नीट न सांभाळल्यास तिला कसर लागते. शिवाय ज्या हातांनी ती विणायची, त्या हातांचेही वय वाढत असते. म्हणूनच नवी लोकर आणण्याआधी घरातली लोकर पद्धतशीरपणे कशी वापरावी, याचा विचार उपयोगी ठरतो.

साठा का होतो?

साठा होण्याची कारणे साधी आहेत. एका रंगाची लोकर एकाच वेळी रंगवलेल्या घाण्यातली असावी लागते. गुंड्याच्या पट्टीवर छापलेला 'लॉट नंबर' हे त्या घाण्याचे चिन्ह. पुढच्या घाण्यातला तोच रंग किंचित गडद वा फिका निघू शकतो आणि अंगावर तो फरक स्पष्ट दिसतो. त्यामुळे विणणारी व्यक्ती गरजेपेक्षा एक-दोन गुंडे जास्तच घेते. ते उरतात. पूर्वी बरीच लोकर २५ ग्रॅमच्या गुंड्यांत मिळे, तेव्हा उरलेला भाग लहान असे. ५० आणि १०० ग्रॅमच्या गुंड्यांत तो मोठा होतो.

दुसरे कारण काळाचे. बाळासाठी घेतलेली लोकर सुईवर चढेपर्यंत बाळ शाळेत जाऊ लागते. तिसरे कारण भेटींचे. उत्तर भारतात सहलीला गेलेले नातेवाईक 'तू विणतेस ना' म्हणून चार गुंडे आणतात, पण चार गुंड्यांत मोठ्या माणसाचे काही होत नाही.

भारतात हाताने विणण्याच्या लोकरीचा इतिहास प्रामुख्याने उत्तरेकडचा आहे. कानपूरची 'लाल इमली' ही गिरणी १८७६ साली सुरू झाली. पंजाबातील धारीवालच्या लोकरीचेही नाव एके काळी घरोघरी होते. पुढे लुधियाना हे लोकरी कपड्यांचे आणि विणण्याच्या लोकरीचे मोठे केंद्र झाले. दोन सुयांवरचे विणकाम आपल्याकडे रुजले ते इंग्रजी अमदानीत, बऱ्याच अंशी मिशनरी स्त्रियांच्या शाळांमधून. महाराष्ट्राची स्वतःची लोकर दख्खनी मेंढीची. ती भरड असल्याने तिची घोंगडी होतात, अंगालगतचे स्वेटर होत नाहीत. त्यामुळे मराठी घरातील विणकाम पहिल्यापासून बाहेरून आलेल्या लोकरीवर चालले, आणि बाहेरून येणारी वस्तू साठवून ठेवण्याची सवय त्याबरोबर आली.

आधी मोजदाद

पहिले काम म्हणजे सगळी लोकर एकाच वेळी, एकाच जागी बाहेर काढणे. तीन ठिकाणी ठेवलेल्या लोकरीचा अंदाज कधीच येत नाही. स्वच्छ चादरीवर सर्व गुंडे मांडावेत, एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येक रंगाचे वजन करावे आणि वहीत नोंद करावी. रंग, वजन, पट्टी असल्यास लॉट नंबर, जाडी आणि लोकरीचा प्रकार असे पाच रकाने पुरतात. नोंदीशेजारी त्या लोकरीचा बोटभर तुकडा चिकटवून ठेवला की दुकानात जाताना गुंडे न्यावे लागत नाहीत.

या नोंदीचा खरा फायदा हिशेबात आहे. मध्यम जाडीच्या लोकरीचा मोठ्या माणसाचा एक स्वेटर साधारण ५०० ग्रॅमचा होतो आणि त्यात सुमारे ५० हजार टाके असतात. मिनिटाला २५ टाके या सावकाश गतीने ते विणायला ३३ तासांच्या आसपास लागतात. म्हणजे घरात ५ किलो लोकर निघाली तर दहा स्वेटरांचे, सुमारे ३३० तासांचे काम समोर आहे. रोज एक तास विणणाऱ्या व्यक्तीला ते ११ महिने पुरेल. हा आकडा एकदा कागदावर आला की दोन गोष्टी होतात. साठा अफाट आहे ही धास्ती कमी होते, आणि नवी लोकर घेण्याचा मोहही थोडा आवरतो.

लोकर की लोकरीसारखे काही?

मराठीत विणण्याच्या सगळ्याच धाग्याला 'लोकर' म्हणतात. प्रत्यक्षात घरातल्या बऱ्याच गुंड्यांत मेंढीचा एकही केस नसतो. अ‍ॅक्रिलिक हा पेट्रोलियमपासून बनवलेला कृत्रिम धागा आहे. 'कॅशमिलॉन' हे मुळात अ‍ॅक्रिलिक धाग्याचे एका जपानी कंपनीचे व्यापारी नाव. पण आपल्याकडे ते त्या सगळ्या प्रकारालाच चिकटले. पट्टी हरवलेला गुंडा कशाचा आहे, हे ओळखण्यासाठी जाळून पाहण्याची कसोटी सर्वांत सोपी आहे. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, मोरीत किंवा पाण्याच्या वाटीवर ज्योतीजवळ न्यावा.

खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत दूर नेताच बहुधा विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे उरणारी काळी राख बोटांनी चुरडता येते. सुती धागा कागदासारखा भुरभुर जळतो आणि करडी, मऊ राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळते आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे दिसतात. कपडे पांढरे करण्याचे क्लोरिनयुक्त ब्लीच हीही एक कसोटी आहे. त्यात बुडवून ठेवलेली खरी लोकर हळूहळू विरघळून जाते, सूत आणि अ‍ॅक्रिलिक टिकून राहतात.

हे ओळखणे केवळ कुतूहलापोटी नाही. खरी लोकर हवेतली आर्द्रता स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत शोषूनही ओली लागत नाही, म्हणून ती उबदार असूनही घामट होत नाही. अ‍ॅक्रिलिक घाम जवळजवळ शोषत नाही, पण यंत्रात धुता येते, स्वस्त पडते आणि त्याला कसर लागत नाही. देवघरातील समईजवळ किंवा गॅसजवळ वावरताना घालायच्या कपड्यांसाठी मात्र अ‍ॅक्रिलिक नको. ते पेटले तर वितळून त्वचेला चिकटते. उन्हाळी टोपी, भांडी धरण्याचे हातपोस, बाळाचे लाळेरे यांसाठी सूत उत्तम.

कसर, दमट हवा आणि डांबरगोळ्या

लोकरीला 'कसर लागली' असे आपण म्हणतो, त्यामागे बहुधा कपड्यांच्या पतंगाच्या अळ्या असतात. उडणारा छोटा फिकट पतंग स्वतः काही खात नाही. त्याच्या अळ्या लोकरीतील केराटिन हे प्रथिन खातात. त्यांना अंधार आणि शांतता आवडते, म्हणून वर्षानुवर्षे न हलवलेली बॅग ही त्यांची आवडती जागा. गुंडा उलगडताना धागा जागोजागी तुटत असेल, आत बारीक रवाळ कचरा किंवा जाळीसारखे तंतू दिसत असतील, तर तो गुंडा लगेच वेगळा करावा.

अशा लोकरीवर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय म्हणजे गोठवणे. वस्तुसंग्रहालयांतही लोकरी वस्तूंसाठी ही पद्धत वापरतात. लोकर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. आतली लोकर खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, नाही तर तिच्यावर दव धरते. त्यानंतर लोकर उन्हात झटकून घ्यावी.

मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत लोकर पावसाळ्यात बंद करू नये. ओलावा शोषलेली लोकर हवाबंद पिशवीत कोंडली की तिला कुबट वास येतो, बुरशीही धरते. ऑक्टोबरच्या उन्हात ती पूर्ण कोरडी करून मग डब्यात भरावी. धुतलेल्या जुन्या सुती साडीत किंवा उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली लोकर चांगली राहते. कडुनिंबाचा वाळवलेला पाला आणि लवंगा यांचा वास पतंगांना काहीसा दूर ठेवतो, पण आधीच असलेल्या अळ्या त्याने मरत नाहीत.

डांबरगोळ्यांबाबत एक इशारा महत्त्वाचा आहे. नॅफ्थलिनच्या गोळ्यांत ठेवलेले लोकरी कपडे किंवा दुपटी न धुता नवजात बाळाला घातल्याने गंभीर आजार उद्भवल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. 'जी-सिक्स-पीडी' या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलिनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळात ही कमतरता आहे हे बहुधा आधी माहीत नसते. म्हणून बाळंतविड्यातले झबले, कुंची, टोपडे, मोजे विणायची लोकर डांबरगोळ्यांपासून दूरच ठेवावी. पूर्वी त्यांत ठेवलेली लोकर मोठ्यांच्या कपड्यांसाठी वापरणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

जाडी आणि सुयांचे उलटे गणित

प्रकार कळला की जाडी पाहायची. 'तीन पदरी', 'चार पदरी' या शब्दांवर पूर्ण विसंबू नये. पदर म्हणजे एकत्र पिळलेल्या धाग्यांची संख्या. चार बारीक पदरांची लोकर दोन जाड पदरांच्या लोकरीपेक्षा पातळ असू शकते. खात्रीचा उपाय म्हणजे पट्टी. लोकर न ताणता मोजपट्टीभोवती एकाला एक लागून गुंडाळावी आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजावे. साधारण १४ किंवा अधिक वेढे बसले तर ती बारीक, ११-१२ बसले तर मध्यम आणि ८-९ बसले तर जाड लोकर समजावी. समान वेढ्यांचे गुंडे एकत्र ठेवले की कोणते रंग एका कपड्यात नांदू शकतील, हे आपोआप दिसते.

सुयांच्या क्रमांकात नेहमी गोंधळ होतो. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत रूढ झाली. तिच्यात क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची आणि ६ नंबरची ५ मिलिमीटरची. अमेरिकन पद्धत नेमकी उलट आहे. तिथली ६ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि ८ नंबरची ५ मिलिमीटरची. परदेशातल्या लेकीने पाठवलेल्या नमुन्यात '८ नंबर' असे लिहिले असेल आणि घरातली ८ नंबरची सुई उचलली, तर कपडा लहान आणि घट्ट होणार. म्हणून सुया नेहमी मिलिमीटरमध्येच नोंदवाव्यात.

यानंतर नमुन्याचा चौकोन. साठ्यातल्या अनोळखी लोकरीसाठी तो अनिवार्य आहे. किमान १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा, धुवावा, वाळवावा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. दोन टाक्यांच्या फरकाने काय होते ते पाहा. ११० टाक्यांची पाठ १० सेंटिमीटरला २२ टाके या हिशेबाने ५० सेंटिमीटर रुंद होते, २० टाके या हिशेबाने ५५ सेंटिमीटर. पाठ आणि पुढा मिळून स्वेटरच्या घेरात १० सेंटिमीटरचा फरक पडला. चौकोनाला दिलेली संध्याकाळ वाया जात नाही. शिवाय चौकोन मोडून लोकर परत वापरता येते.

किती लोकरीत काय होते?

वजन हाताशी असेल तर निवड सोपी होते. पुढील आकडे साधारण अंदाजाचे आहेत. नक्षी, माप आणि हात यांनुसार त्यांत फरक पडतो. २५ ते ३० ग्रॅममध्ये तान्ह्या बाळाची टोपी होते. ८० ते १०० ग्रॅम बारीक लोकरीत मोठ्या माणसाचे पायमोजे होतात. १०० ते १५० ग्रॅममध्ये वर्षाच्या मुलाचा स्वेटर, १५० ते २०० ग्रॅममध्ये मफलर, २०० ते ३०० ग्रॅममध्ये खांद्यावरची शाल, ३०० ते ३५० ग्रॅममध्ये बिनबाह्यांचा स्वेटर आणि ४५० ते ६०० ग्रॅममध्ये पूर्ण बाह्यांचा स्वेटर. मोठ्या वेण्यांच्या नक्षीला लोकर बरीच जास्त लागते, जाळीच्या नक्षीला कमी.

लोकर पुरेल की नाही अशी शंका असेल तर विणतानाच वजन करत राहावे. दोन सुया विणण्यापूर्वी आणि विणल्यानंतर गुंड्याचे वजन केले की एका सुईला किती लोकर जाते ते कळते, आणि उरलेल्या लोकरीत किती सुया बसतील हेही. टाके बंद करायला कपड्याच्या रुंदीच्या सुमारे चौपट धागा राखून ठेवावा.

वरच्या एका टोकापासून सुरू होऊन रुंद होत जाणाऱ्या त्रिकोणी शालीत मात्र फसगत होते. निम्मी लोकर संपली तेव्हा शाल निम्मी झाली असे वाटते. प्रत्यक्षात तोवर अंतिम उंचीच्या सुमारे ७१ टक्के भाग झालेला असतो, कारण पुढची प्रत्येक सुई अधिक लांब आणि अधिक लोकर खाणारी असते. झालेल्या उंचीइतकीच उंची अजून मिळेल या भरवशावर राहिले की शेवटच्या बॉर्डरला लोकर उरत नाही. याच गणिताचा फायदाही घेता येतो. एका कोपऱ्यापासून टाके वाढवत जावे, निम्मे वजन संपताच टाके घटवायला सुरुवात करावी. असेल तेवढ्या लोकरीचा पूर्ण चौकोन तयार होतो आणि उरत जवळजवळ काही नाही.

नमुन्याशिवाय स्वेटर

साठ्यातल्या लोकरीची अडचण अशी, की छापील नमुन्यातली लोकर आणि आपली लोकर क्वचितच जुळते. ब्रिटनमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) यांनी यावर टक्केवारीची पद्धत लोकप्रिय केली. छातीच्या घेराला लागणारे एकूण टाके म्हणजे १०० टक्के मानायचे. बाहीचे मनगट त्याच्या २० टक्के, दंडाचा भाग ३३ ते ३५ टक्के, काखेत राखायचे टाके ८ टक्के आणि गळा ४० टक्के. समजा, १० सेंटिमीटरला २० टाके येतात आणि घेर १०० सेंटिमीटर हवा आहे. तर अंगाला २०० टाके, मनगटाला ४०, दंडाला ६६ ते ७०, काखेत १६ आणि गळ्याला ८०. कोणत्याही जाडीच्या लोकरीला हे प्रमाण लागू पडते.

लोकर अपुरी असण्याची भीती असेल तर गळ्याकडून खाली विणत यावे. गोल सुईवर गळा, खांदे आणि छाती आधी होतात. बाह्या पुऱ्या करून घ्याव्यात आणि उरलेली सगळी लोकर अंगाच्या लांबीला द्यावी. कमी पडलीच तर खालची बॉर्डर दुसऱ्या रंगाची करता येते. खालून वर विणताना गळ्यापाशी लोकर संपली तर असा मार्ग राहत नाही.

थोडे थोडे उरलेले रंग

खरी कसोटी लागते ती १०, २० आणि ३० ग्रॅमच्या गुंड्यांत. त्यांच्यासाठी पट्ट्या हा सर्वांत जुना उपाय. पट्ट्या समान रुंदीच्या असल्या की शाळेच्या मफलरसारखे दिसते. १, २, ३, ५, ८ अशा सुयांच्या पट्ट्या अधिक सहज वाटतात. ही अंकमाला पाश्चात्त्य जगात फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाली, पण त्याआधी बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्र यांनी छंदशास्त्राच्या संदर्भात ती मांडली होती.

रंग जुळतात की नाही याबाबत संभ्रम असेल तर गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. ज्या दोन रंगांची करडी छटा सारखीच दिसते, ते नक्षीत एकमेकांत मिसळून जातात. ज्यांच्या छटेत फरक दिसतो, त्यांची नक्षी उठून दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आयल बेटावरच्या प्रसिद्ध विणकामात एका सुईत एका वेळी दोनच रंग वापरतात. तरी कपड्यात अनेक रंग नांदतात ते छटांच्या या जाणिवेमुळे. बेरंगी वाटणारा गुंडाही अशा कामात पार्श्वभूमी म्हणून उपयोगी पडतो.

दोन पातळ धागे एकत्र धरून विणणे हाही चांगला मार्ग. एका धाग्याला १० सेंटिमीटरला २८ टाके येत असतील, तर दोन धाग्यांना साधारण २० टाके येतात. कामाचा वेग वाढतो आणि दोन रंगांची मिश्र छटा मिळते. वेगवेगळ्या लॉटचा एकच रंग असेल तर दोन सुया एका गुंड्याच्या आणि दोन सुया दुसऱ्या गुंड्याच्या अशा आलटून पालटून विणाव्यात. फरक कपड्यात विरून जातो.

शेवटी चौकोन. १५ सेंटिमीटरच्या एका चौकोनाला मध्यम जाडीची ८ ते १० ग्रॅम लोकर लागते. सहा बाय आठ असे ४८ चौकोन जोडले की ९० बाय १२० सेंटिमीटरचे पांघरूण होते. चौकोनांची ताकद किती मोठी असते हे ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत दिसले. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटातील स्त्रियांनी ठिकठिकाणी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण तयार केले आणि गिनेस विक्रम नोंदवला. नंतर त्याचे सुटे भाग पांघरुणे म्हणून गरजूंना देण्यात आले.

अर्धवट राहिलेले आणि उसवायचे

साठ्यात सर्वांत जड असतात ती अपुरी कामे. ज्याच्यासाठी घातले तो मुलगा मोठा झाला, फॅशन बदलली, कधी ते माणूसच राहिले नाही. अशा कामांबाबत सोपा निकष असा, की आज हा कपडा नव्याने घालायला घेतला असता का? उत्तर होकारार्थी असेल तर तो पुरा करावा, नसेल तर सुया काढून उसवावा. एखादे काम आठवण म्हणून ठेवायचे असेल तर त्याचे टाके बंद करून, धुऊन ठेवावे. सुया अडकवून ठेवू नयेत.

उसवण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर शिधावाटप आले. जुने लोकरी कपडे उसवून नवे विणणे तेव्हा घरोघरी चालले होते आणि १९४३ साली सरकारनेच 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका काढून असलेले कपडे पुरवून वापरण्याच्या युक्त्या सांगितल्या. आपल्याकडे तर मोठ्याचा स्वेटर उसवून धाकट्याचा करणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती.

उसवताना आधी शिवण काढावी आणि जिथे टाके बंद केले आहेत, त्या टोकापासून धागा ओढावा. दुकानातला स्वेटर उसवायचा असेल तर आतली शिवण पाहावी. कापून ओव्हरलॉक केलेल्या शिवणीचा स्वेटर उसवला की हाती फक्त वीतभर-हातभर तुकडे येतात. निघालेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात रिठ्याने धुवावी आणि सावलीत टांगावी. खऱ्या लोकरीच्या सुरकुत्या अशाने निघून जातात. अ‍ॅक्रिलिकच्या तितक्या जात नाहीत, पण पुन्हा विणल्यावर फारशा जाणवत नाहीत. गुंडा करताना तो घट्ट करू नये. ताणून ठेवलेली लोकर विणताना लांब राहते आणि पहिल्या धुण्यानंतर आकसते.

कुणासाठी विणायचे?

साठ्यातल्या लोकरीचा हिशेब मांडताना एक गोष्ट लक्षात येते. घरातल्या विणणाऱ्या स्त्रीने नवऱ्यासाठी, मुलांसाठी, भाच्या-पुतण्यांसाठी आणि शेजारच्या बाळंतविड्यांसाठी विणलेले असते. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र बाजारातली शाल असते. उरलेली लोकर तिच्या वाट्याला येते, तीही अपुरी म्हणून पडून राहते. साठा संपवण्याचे नियोजन करताना पहिला कपडा स्वतःसाठी धरणे यात स्वार्थ नाही, व्यवहारही आहे. माप घरातच असते, घालून पाहता येते, आवड विचारावी लागत नाही आणि वेळेची मुदत नसते. बिनबाह्यांचे जाकीट, पहाटे फिरायला जाताना घालायची टोपी, साडीवरचा छोटा पोलका-स्वेटर, गुडघ्यांवर घ्यायचे पांघरूण अशा गोष्टी पुण्या-नाशिकच्या थंडीत खरोखर वापरल्या जातात.

एका वेळी दोनच कामे सुईवर असावीत, असा नियम बऱ्याच अनुभवी विणकरणी पाळतात. एक डोके लावून करायचे, नक्षीचे, आणि दुसरे टीव्ही पाहताना किंवा गप्पा मारताना करायचे, सगळ्या सुया सुलट असे. तिसरे काम यांतले एक संपल्यावरच घालायचे. बोटांच्या सांध्यांचा त्रास असेल तर अर्ध्या तासाने हात थांबवावेत आणि धातूच्या सुयांऐवजी बांबूच्या हलक्या सुया घ्याव्यात. मोठ्या कपड्याला गोल सुई वापरली तर त्याचे वजन मांडीवर राहते, मनगटांवर येत नाही.

जे विणले जाणार नाही

सगळे विणून झालेच पाहिजे असा हट्टही नसावा. टोचणारी, न आवडत्या रंगाची किंवा हात न पुरणारी लोकर शिकणाऱ्या मुलींना, वृद्धाश्रमातील विणकाम गटाला किंवा शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला द्यावी. देण्यापूर्वी त्यांना काय हवे ते विचारावे. रुग्णालयांना बाळांच्या टोप्या लागत असल्या तरी धुण्याचे आणि धाग्याचे त्यांचे नियम असतात. कसर लागलेली लोकर मात्र कुणालाही देऊ नये. तसे करणे म्हणजे त्यांच्या कपाटात अळ्या पाठवणे होय.

अ‍ॅक्रिलिक फेकून देण्याआधी विशेष विचार करावा. ते मातीत कुजत नाही. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात. म्हणून ज्या वस्तू क्वचित धुवाव्या लागतात, त्यांच्यासाठी ते वापरणे योग्य. पांघरुणे, उशांचे अभ्रे, खुर्चीवरची आसने ही त्याची चांगली स्थाने. कातरलेले तुकडे आणि टोकेही बरणीत साठवावीत. उशीत किंवा विणलेल्या खेळण्यात भरायला ती कापसाइतकीच उपयोगी पडतात.

वहीतला सहावा रकाना 'काय झाले' असा ठेवावा आणि गुंडा संपला की त्यापुढे टोपी, मोजे किंवा चौकोन असे लिहावे. वर्षअखेर पाने चाळली की किती लोकर गेली, किती नवी आली आणि घरात कोणकोणत्या अंगांवर ती पोहोचली, याचा ताळा लागतो. आलेल्या लोकरीपेक्षा गेलेली जास्त भरली, तर पुढच्या हिवाळ्यात एक नवा रंग आणायला हरकत नाही.